मैत्रिणीच्या प्रश्नाबद्दल थोडंसं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मैत्रीण म्हणाली, "तुम्ही ख्रिस्ती लोक तर तीन देव मानता," आणि तू तिला पाणी, बर्फ, वाफ असं समजावलंस. हे उदाहरण बहुतेक जण देतात, पण ते टाळलेलं बरं. त्याचा अर्थ असा होतो की एकच देव कधी बापाचं रूप घेतो, कधी पुत्राचं, कधी आत्म्याचं. तिसऱ्या शतकात साबेल्लियस नावाच्या शिक्षकाचं म्हणणं साधारण हेच होतं आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ते नाकारलं. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून बघ. येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि आकाशातून वाणी होते, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे." तिघेही एकाच वेळी तिथे आहेत. रूपंच बदलायची असती, तर पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू रात्री घाम गाळत प्रार्थना कोणाला करत होता?

तिला सांगायचंच असेल तर सुरुवात 'एक' पासून कर. पहिले शिष्य यहूदी होते. "परमेश्वर आपला देव अनन्य परमेश्वर आहे" हे वचन लहानपणापासून त्यांच्या तोंडी होतं, मूर्तीपुढे वाकण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्यांची ती जात. त्यांच्यातलाच एक, थोमा, पुन्हा उठलेल्या येशूला "माझा प्रभू व माझा देव" म्हणतो आणि येशू त्याला गप्प करत नाही. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, ही शिकवण कोणी निवांत बसून रचलेली नाही. एकच देव आहे हेही सोडवेना आणि जे पाहिलं तेही नाकारवेना, अशा पेचातून ती आली. "त्रैक्य हा शब्द बायबलात दाखव" असं कोणी म्हटलं, तर नाही म्हणून मोकळी हो. शब्द नंतरचा आहे, पेच पहिल्यापासूनचा आहे.

खरा वाद झाला चौथ्या शतकात. इजिप्तमधल्या आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र फार थोर, पण निर्माण केलेला. तो नव्हता असा एक काळ होता. खरं सांगू? नुसत्या बुद्धीला हेच उत्तर सोपं वाटतं. पण मग क्रुसावर कोण होतं? देवाने स्वतः बाहेर राहून दुसऱ्याच कोणाला पुढे केलं, असं होतं ना? पुढे आलेक्सांद्रियाचा बिशप झालेला अथनासियस अडून बसला तो याच मुद्द्यावर: जो स्वतःच निर्मिलेला आहे तो आपल्याला देवाशी जोडणार कसा? इ.स. 325 मध्ये नायसियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं, तरी भांडण मिटलं नाही. बादशहांची मर्जी फिरत राहिली आणि अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. पवित्र आत्म्याविषयीचं कलम, "प्रभू व जीवनदाता", भक्कम झालं ते 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत. आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, यावरून पूर्व आणि पश्चिमेच्या मंडळ्यांत पुढे फाटाफूट झाली. त्यात तू आत्ता शिरू नकोस.

मैत्रीण हुशार दिसते, तेव्हा "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे वाक्य ती पुढे करीलच. योहानाच्या चौदाव्या अध्यायात आहे ते. त्याच योहानात, दहाव्या अध्यायात, "मी आणि पिता एक आहोत" हेही आहे. मंडळीने एक ठेवून दुसरं पुसलं नाही. पुत्र तत्त्वाने समान, पण माणूस होऊन, पाठवलेला म्हणून आला, अशी दोन्ही वाक्यं मंडळीने सोबत धरली.

मला स्वतःला जवळचा वाटतो तो योहानाचाच सतरावा अध्याय. पकडला जाण्याच्या रात्री येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. "देव प्रीती आहे" हे आपण उठता-बसता म्हणतो. पण सृष्टीच नव्हती, माणूस नव्हता, देवदूत नव्हते, तेव्हा त्याने प्रीती केली कोणावर? देव एकटा असता तर प्रीती करण्यासाठी त्याला आधी आपल्याला घडवावं लागलं असतं. म्हणजे त्याला आपली गरज पडली असती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रीती अनादिकाळापासून आहे, म्हणून त्याने आपल्याला केलं ते गरजेपोटी नव्हे. इतर सगळे युक्तिवाद मी एखाद वेळेस विसरेन, हा नाही.

मैत्रिणीला पटलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. ती देवाला कसं समजते तेही विचार आणि मध्ये न तोडता ऐकून घे. आणि एक, आरियसचं नाव घेऊन तिला हिणवू नकोस हं; तिने प्रामाणिकपणे विचारलंय.

तुझी आईही आशीर्वाद सांगते आहे.

तुझे,
पप्पा