फ्लोरा फाउंटन संगमरवरी नव्हे

संपादक महोदय,

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला सर्रास 'संगमरवरी कारंजे' म्हटले जाते. ते इंग्लंडहून आलेल्या पोर्टलंड दगडाचे, म्हणजे चुनखडीचे आहे. कोटाचा चर्चगेट दरवाजा होता त्या जागी ते 1864 मध्ये उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचे. मूळ बेत ते भायखळ्याच्या बागेत, आजच्या राणीच्या बागेत, बसवण्याचा होता.

संगमरवराचा भास झाला तो पांढऱ्या ऑइलपेंटने. वर्षानुवर्षे त्याचे थर चढत गेले आणि 2019 च्या जीर्णोद्धारात ते उतरवावे लागले. नुकसान कसे होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडे दीपमाळा आणि तळ्यांचे कठडे आजही हौसेने रंगवले जातात. सच्छिद्र दगडात पाणी आणि खारी हवा शिरतेच. उघड्या दगडातून ती ओल वाळून जाते. रंगाने वाट बुजली की मीठ रंगाच्या मागे साचून त्याचे खडे धरतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. नाक, बोटे, पाकळ्या आधी जातात. दगड जोडणाऱ्या आतल्या लोखंडी खुंट्या गंजून फुगल्या की दगड तडकतो, आणि वर सिमेंट भरले तर ओल आतच कोंडते.

अ‍ॅसिडने तर धुऊच नये. चुनखडीवर जो फेस येतो तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. जांभ्यात सांध्यांतला चुना असाच जातो.

रंग काढण्याचा लेप आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहावा. खरवडायला लाकडी पट्टी, मऊ ब्रश. मग शुद्ध पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा बोटभर जाड थापून पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो मीठ ओढून घेतो. तो तसाच सुका उतरवावा. धुतला तर मीठ परत आत. असे दोन-तीनदा. सांध्यांत 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, मिठाचीच भर पडते. खुंट्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. काम दिवाळीनंतर काढावे, पावसाळ्यात चुना धरत नाही. भरलेले सांधे आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत.

नगरपरिषदेच्या निविदेत 'रंगरंगोटी व दुरुस्ती' एवढेच लिहिलेले दिसले, तर नागरिकांनी चुना, वाळू आणि खुंट्यांचा तपशील काम सुरू होण्याआधीच लेखी मागावा.

– दगडी बांधकामाच्या दुरुस्तीतले काही वाचक, रत्नागिरी