बाबांची वही

ब्राउनश्वाइग,
23 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, मी बरी आहे. हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बाबांनी 'जेवलीस का, थंडी किती हाय' एवढं विचारून फोन आईकडे दिला आणि आईने वहिनीच्या डोहाळजेवणाचं काढलं. म्हणून लिहून पाठवते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, तेव्हा वाचणार ओंकारच. ओंकार, सगळं वाचायचं. आजीने डोळे वटारले तरी मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

आधी मुद्दा. 31 डिसेंबरला मी कंपनीतली नोकरी सोडतेय. राजीनामा सप्टेंबरातच दिलाय. 1 जानेवारीपासून आमच्या क्लबात पगारी प्रशिक्षक म्हणून लागते आहे, अमेरिकन फुटबॉलची. हो, तोच खेळ, ज्याला आई 'टोपडं घालून कुस्ती' म्हणते.

आता गॅस बंद कर आई, आणि बस.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. 2022 मध्ये मी 'बर्फावरून घसरले, गुडघा दुखावला' म्हणाले होते. मे महिना होता. मे महिन्यात इथे बर्फ नसतो, आणि तुमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही याचं मला तेव्हा हायसं वाटलं, नंतर वाईट वाटलं. गुडघ्यातला लिगामेंट सरावात तुटला होता. कुणी धडकलंसुद्धा नाही. वळताना पाय गवतात रुतला आणि वरचं अंग फिरलं, इतकंच. ऑपरेशन झालं, विम्यात बसलं, नऊ महिने खेळ बंद. त्या दिवाळीला व्हिडिओ कॉलवर मी सतत खुर्चीत का बसलेली होते, ते हे.

पण त्या नऊ महिन्यांमुळेच ही नोकरी. तेवढ्यासाठी थोडं मागे जाते.

2016 ला इथे शिकायला आले तेव्हा या खेळाचं नावही धड माहीत नव्हतं. या शहरात मात्र ते प्रत्येकाला माहीत असतं, कारण इथल्या पुरुषांच्या संघाने जर्मनीचं विजेतेपद 12 वेळा जिंकलंय. प्रयोगशाळेतली एक मुलगी शेजारच्या गावातल्या छोट्या क्लबात खेळायची. तिने एकदा नेलं. प्रशिक्षकाने माझी उंची बघितली, थोडा विचारात पडला, आणि म्हणाला, जरा पाय दाखव. पलीकडून एक मुलगी चेंडू घेऊन पळत आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. कमरेकडे बघितलं, ती बाहेरून जाणार हे कळलं, आणि मांडीला पकड घातली. तिथल्या तिथे संघात घेतली. बाबा, 'डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही' हे तुम्ही मला पलूसच्या मैदानावर कबड्डी शिकवताना इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी ते मुलांना जर्मनमध्ये ऐकवते. तिथे ते यमकात बसत नाही, पण काम करतं.

मला जी जागा मिळाली तिला कॉर्नरबॅक म्हणतात. कबड्डीत उजवा कोपरा, इथेही कोपराच. ओंकारसाठी सांगते: एका संघाचे अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. मैदान शंभर यार्डांचं, शिवाय दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी, तिथे चेंडू घेऊन पोचलं की सहा गुण. एक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत संपतो. चढाईला निदान तीस सेकंद तरी मिळतात! माझं काम म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूला चेंडू झेलू द्यायचा नाही, आणि झेललाच तर तिला रेषेबाहेर ढकलायचं. रेषा हा तुझा बारावा गडी, असं इथले लोक म्हणतात. तुम्ही कबड्डीतल्या लॉबीबद्दल, म्हणजे कडेच्या पट्टीबद्दल, तेच सांगायचात, आकडा तेवढा वेगळा.

तर, गुडघा. संघ सोडवेना म्हणून मी कुबड्या घेऊन सरावाला जायचे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. प्रशिक्षकाने दोन आठवडे बघितलं आणि माझ्या हातात शिट्टी दिली, 'नुसती बसू नकोस, त्या लहान्यांना बघ' म्हणून. तेरा वर्षांखालची चौदा पोरं. फ्लॅग फुटबॉल खेळतात ती. आई, यात धडक नसते. पाच जण विरुद्ध पाच जण, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन्ही बाजूंनी फडकी. फडकं खेचलं की तो गडी थांबला. तेव्हा माझी पोरं हाडं मोडून घेतात असं शेजारी सांगत बसू नकोस.

कुबड्यांवर उभं राहून शिकवताना एक कळलं. स्वतः करून दाखवता येत नसलं की तोंडाने नीट सांगावं लागतं. मी इतकी वर्षं पकड घालत होते, पण पहिलं पाऊल कुठलं पडतं हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरी येऊन कपाटाच्या आरशासमोर एका पायावर उभी राहून बघितलं. आतलं पाऊल. मग लिहून ठेवलं. तेव्हापासून लिहितेय, सहा वह्या झाल्यात.

त्यानंतर परवान्याचा अभ्यास केला. इथे प्रशिक्षक व्हायला कागद लागतो. पहिल्या पातळीला 120 तासिका, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांची, सगळ्या शनिवार-रविवारी. शरीरशास्त्र, मुलांचं मानसशास्त्र, नियम, शेवटी अनोळखी मुलांना घेऊन एक धडा परीक्षकांसमोर. पुढच्या पातळीला आणखी 60. डोक्याच्या माराबद्दल तर पाठच करून घेतात: शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही, मग सामना कुठलाही असो. मोठ्यांची पकडही बदललीय. 2014 मध्ये सिअॅटल सीहॉक्स या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी रग्बीवरून घेतलेल्या पकडीचा व्हिडिओ काढून सगळ्यांसाठी खुला केला. डोकं बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हात आवळून घ्यायचे. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा हसू आलं. मांडीपकड! आपल्याकडे डोक्याला टोपडं नसल्यामुळे डोकं मध्ये घालायचं नाही हे पोरांना सांगावंही लागत नाही.

आता ही नोकरी आली कुठून, ते सांगते, कारण 'असल्या खेळाला पगार कोण देतंय' हा दादाचा प्रश्न येणारच.

दोन कारणं. वरच्या लीगमध्ये अमेरिकन खेळाडू एका वेळी दोनच मैदानात उतरवता येतात. त्यामुळे क्लबने बाहेरून कितीही चांगली माणसं आणली तरी उरलेले नऊ इथेच घडवावे लागतात. ती अमेरिकन मुलं येतात, क्लब त्यांना खोली, सायकल, विमानाचं तिकीट आणि वरखर्चाला थोडे पैसे देतो, आणि हंगाम संपला की ती जातात. त्यांच्यातले काही इथे लहान मुलांना शिकवून परत गेल्यावर कॉलेजात प्रशिक्षक म्हणून चिकटायला बघतात. दुसरं कारण शाळा. पुढच्या ऑगस्टपासून जर्मनीत पहिलीच्या मुलांना दिवसभर शाळेत राहण्याचा कायदेशीर हक्क मिळतोय, मग दरवर्षी एकेक वर्ग वाढत जाणार. दुपारनंतर त्या मुलांचं करायचं काय, हे शाळांना सुचेना. आमच्या क्लबने दोन शाळांशी करार केला: फ्लॅग फुटबॉल आम्ही शिकवतो. त्यासाठी पूर्ण वेळ माणूस हवं होतं. इथे राहायचा कायमचा परवाना मला आधीच मिळालाय, म्हणून नोकरी बदलायला अडचण नाही.

शाळेतल्या पोरांना खेळवणं हे या गावात कमीपणाचं नाही बरं का. जर्मनीत पहिल्यांदा मुलांना फुटबॉल (आपला साधा, पायाने खेळायचा) खेळवला तो याच शहरातल्या एका शाळामास्तरांनी, कोनराड कोख यांनी, 1874 मध्ये.

आणि हा खेळ उद्या नाहीसा होईल असंही नाही. 2023 च्या ऑक्टोबरात ऑलिंपिक समितीची बैठक आपल्या मुंबईत झाली, आठवतं? आपल्याकडे पेपरात क्रिकेटचीच बातमी होती. त्याच बैठकीत 2028 च्या लॉस एंजेलिससाठी फ्लॅग फुटबॉलही मंजूर झाला, मुलांचा आणि मुलींचा. भारतातही 2011 मध्ये मोठ्या अमेरिकन फुटबॉलची लीग काढायचा घाट घातला होता, त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. दादाला सांगा, तेव्हा तो पुण्यातच होता आणि त्याला पत्ता नव्हता.

'बायकांना कोण ठेवतंय' हा आईचा प्रश्न. 2015 मध्ये अॅरिझोना कार्डिनल्सने जेन वेल्टर यांना सरावशिबिरासाठी घेतलं, पुरुषांच्या व्यावसायिक संघात. 2021 मध्ये टॅम्पा बेने सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांत लोरी लोकस्ट आणि मारल जावादिफर अशा दोघी होत्या. मी तिथवर जाईन असं म्हणत नाही. मला बारा वर्षांची पोरं आवडतात, मोठे लोक फार वाद घालतात.

या महिन्यात, 9 तारखेला, बर्लिनला गेले होते. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा मुख्य हंगामातला सामना बर्लिनमध्ये पहिल्यांदाच झाला, ऑलिंपिक स्टेडियमवर. इंडियानापोलिसने अटलांटाला 31-25 हरवलं, तेही जादा वेळेत. जोनाथन टेलर नावाचा गडी एकटा 244 यार्ड पळाला, त्यातली एक धाव 83 यार्डांची. मी त्याच्या कमरेकडे बघत होते. बाबा, ती फसवते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितली.

मध्यंतरात त्या दगडी खांबांखाली उभी होते आणि तुम्ही सांगायचात ते आठवलं: 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं बोटीने बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवून आली. लहानपणी मला वाटायचं बर्लिन म्हणजे अमरावतीच्या पुढचं गाव.

आता पैशाचं. पगार आजच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. मी हिशेब केलाय, भागतं. घर लहान घेतलंय, गाडी विकली. दर महिन्याला पाठवते ते बंद होणार नाही, कमी होईल. ओंकार, हे वाक्य हळू वाच.

आई, तुझ्याशी यावर वेगळं बोलायचं आहे. तू म्हणणार, 'एकानं घर उडवलं मैदानात, आता लेक निघाली.' तुझं खरं आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर आठ तास उसाच्या गाड्या मोजून बाबा संध्याकाळी फक्की घेऊन मैदान आखायला जायचे, आणि गाव त्यांना हार घालायचं. स्पर्धा झाली की बारा मुली आपल्या घरी. रात्री दहाला पिठलं-भाकरी कोण करायचं? मातीवरून मॅटवर खेळ गेला त्या वर्षी बाबांचा दिवाळीचा बोनस मुलींच्या बुटांत गेला. तुझी साडी राहिली, आणि तू त्यावर काही बोलली नाहीस. मी तेव्हा बाबांची मुलगी होते, मला फक्त बूट दिसले.

इथेही बहुतेक प्रशिक्षक बाबांसारखेच. दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान. मानधन मिळालं तर यंदा, 2025 ला, वर्षाला 3,000 युरोपर्यंत कर लागत नाही, एवढाच सरकारचा आधार, आणि पुष्कळांना तेवढंही मिळत नाही. तीन वर्षं मी तेच केलं. रविवारी रात्री सामन्याचे व्हिडिओ कापत बसायचे आणि सोमवारी कार्यालयात पेंगायचे. माझ्या घरी भाकरी थापणारं कुणी नाही, आणि असावं असंही मला वाटत नाही. म्हणून पगार मागितला. पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा मी कागद मांडून दाखवले, किती मुलं, किती तास, शाळा किती देतील. तेव्हा हो म्हणाले. बाबा, राग मानू नका, पण तुम्हीही कधीतरी मागायला हवा होता.

डिसेंबरात येत नाही. मार्चच्या शेवटी येते, हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे मिळतात. स्थळाचं मार्चपर्यंत कुणाला काही कळवू नका. ऑपरेशनची तारीख मात्र माझ्यासाठी थांबवू नका, गळीत हंगाम चालू झाला तरी दादाला सुट्टी काढायला सांगा.

एक काम आहे, ओंकारसाठी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बाबांची निळी वही असेल. साखळीची चित्रं काढलेली, कुठली मुलगी कुठे, बाणांनी दाखवलेलं. मला ती शाळेच्या पोरांसाठी हवी आहे. सगळ्या पानांचे फोटो काढ, क्रमाने. मागच्या बाजूने आजीने दळणाचा आणि दुधाचा हिशेब लिहिलाय, तीही पानं पाठव.

तुमची,
सारिका