सगळीकडे सॅनिटायझर मारून काय होणार?

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला. पाहुणे येऊन गेले की दाराच्या कडीपासून रिमोटपर्यंत सगळं सॅनिटायझरने पुसतोयस म्हणे. पूस बाबा, पण प्रत्येक रोगाची यायची वाट वेगळी असते आणि तू एकाच दाराशी पहारा देत बसलायस.

गोवरच घे. तो हवेतून येतो, पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू 2 तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो, आणि लस न घेतलेले, आधी गोवर न झालेले 10 जण पेशंटच्या जवळ आले तर त्यातल्या 9 जणांपर्यंत सहज पोचतो. वर तो पुरळ यायच्या 4 दिवस आधीपासूनच पसरत असतो, म्हणजे कोणाला टाळायचं हेच कळत नाही. तिथे रिमोट पुसून काय उपयोग? लसच लागते. दोन्ही डोस झाले की साधारण 97 टक्के संरक्षण मिळतं.

उलट्या-जुलाबवाला नोरोव्हायरस मात्र हातावरून तोंडात जातो, पण गंमत बघ, त्याच्यावर सॅनिटायझर नीट चालतच नाही, साबण-पाण्यानेच 20 सेकंद चोळून हात धुवायचे, संडासातून आल्यावर आणि जेवायच्या आधी तर नक्कीच. आणि पेशंटने बरं वाटल्यावरही निदान 2 दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही, हे कोणी पाळत नाही. हात धुण्याचं वावडं जुनंच आहे म्हणा. व्हिएन्नात 1847 मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रसूती वॉर्डात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू धडाधड कमी झाले, तरी कित्येक डॉक्टरांना ते पटलंच नाही!

डेंग्यूला तर हात धुवून काहीच फरक पडत नाही, तो डासाचा कारभार. एडिस डास दिवसा चावतो, मादी साठलेल्या पाण्याच्या भांड्यात कडेला अंडी घालते आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून मोकळा होऊ नकोस, दर आठवड्याला भांडं आतून घासून काढ.

फ्लू झाला तर घरी बस, खिडक्या उघड्या ठेव. आणि प्लीज, ड्रॉवरमधली उरलेली अँटिबायोटिक घेऊ नकोस, ती जिवाणूंवर चालते, फ्लू विषाणूचा असतो.

पिल्लूचा गोवरचा दुसरा डोस झालाय का ते लसीच्या कार्डावर बघ आणि आजच कळव.

तुझाच,
बाळ्या