दोरो वत करताना कांद्याला घाई करू नकोस

अदिस अबाबा

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी सहा जण जेवायला येणार आणि तू दोरो वत, म्हणजे इथलं इथिओपियाचं कोंबडीचं दाट कालवण, करणार, हे कळलं. मसाल्याची पिशवी बुधवारी पुण्याला पोचणाऱ्या एकांबरोबर पाठवतेय. त्यात अर्धा किलो बरबरे (मिरचीचा मसाला), वेलचीसारख्या कोरेरिमाच्या शेंगा, शेवटी घालायच्या मेकेलेशा मसाल्याची पुडी, आणि बेसोबेला व कोसरेत हे दोन वाळवलेले सुगंधी पाले आहेत. कोरेरिमाच्या शेंगांना भोकं दिसतील. ती कीड नव्हे, वाळवताना दोऱ्यात ओवतात त्याची ती भोकं. बाकी सगळं तुला मंडईत मिळेल. फोनवर सांगितलेलं तू निम्मं विसरतोस, म्हणून लिहून देतेय.

सगळ्यात आधी आपली फोडणीची सवय बाजूला ठेव. आपण तेल तापवून त्यात कांदा टाकतो. इथे कांदा कोरड्या भांड्यात पडतो, त्यात तेल नाही, तूप नाही, पाणीही नाही. तासभर तो नुसता शिजत राहतो आणि वत जमणार की फसणार ते तिथेच ठरतं. तेलात टाकलेल्या कांद्याच्या कडा लाल होतात, तुकडे आपला आकार धरून बसतात आणि शेवटपर्यंत रश्शात वेगळे लागतात. कोरड्या भांड्यात तो स्वतःच्या पाण्यात विरघळतो. वतात खोबरं नाही, टोमॅटो नाही, दाण्याचं कूट नाही, पीठ तर नाहीच. दाटपणा सगळा कांद्याचा. म्हणून सव्वा किलोच्या कोंबडीला दीड किलो कांदा घे, सोलून वजन करून. एवढा कशाला, म्हणून कमी करशील तर लाल पाण्यात तरंगणारे तुकडे वाढायची वेळ येईल.

कांदा लालच हवा. साठवणीचा उन्हाळी कांदा मिळाला तर उत्तम, त्यात पाणी कमी असतं. नवा ओला कांदा असेल तर पंधरा-वीस मिनिटं जास्त धर. अगदी बारीक चिर, पोह्यांना चिरतो त्याच्या निम्म्याने बारीक. मिक्सर वापरायचाच तर थांबत थांबत फिरव, पण वाटण होऊ देऊ नकोस. वाटलेला कांदा एकदम पाणी सोडतो, उडतो, बुडाला चिकटतो आणि त्याला उग्र कडवट वास येतो. कुकर अजिबात नको. झाकण लावलं की वाफ आतच राहते आणि आपल्याला नेमकी ती घालवायची असते.

जाड बुडाचं रुंद पातेलं आणि लाकडी उलथनं घे. दीड किलो कांदा सुरुवातीला काठापर्यंत येतो, म्हणून पाच लिटरपेक्षा लहान भांडं चालणार नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मध्यम आच. कांदा पाणी सोडेल, डोळ्यांना झोंबणारा वास सुटेल. तो वास गेला, पाणी आटलं, की आच मंद कर. यापुढे भांडं सोडून फोन घेऊन बसायचं नाही. दर दोन मिनिटांनी तळापासून खरवडून हलवत राहा. चिकटायला लागला तर एक-दोन चमचे उकळतं पाणी टाकून तळ मोकळा कर. तळाचा तांबूस थर चांगला, तो कांद्यात मिसळ. काळा झाला तर मात्र खरवडू नकोस, वरचा कांदा अलगद दुसऱ्या भांड्यात काढ आणि पुढे चालू ठेव. पाऊण तास ते तासाभरात कांदा मूळच्या एक तृतीयांश राहतो. रंग गडद तपकिरी, चव गोड, आणि उलथन्याने बाजूला सारला की तळावर पाण्याची रेघ न सुटता तो जागच्या जागी राहतो. इथपर्यंत आलास की मग स्निग्ध पदार्थ.

तो म्हणजे नितर किब्बे, मसाल्याचं तूप. आदल्या दिवशी करून ठेव. बिनमिठाचं अर्धा किलो लोणी मंद आचेवर वितळव. त्यात अर्धा लहान कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि इंचभर आलं जाडसर चिरून टाक. पाव चमचा हळद, अर्धा चमचा मेथी, चार कोरेरिमांचे ठेचलेले दाणे आणि बेसोबेला व कोसरेत एक-एक मोठा चमचा घाल. अर्धा-पाऊण तास लोण्यातलं पाणी जाऊ दे. तडतड थांबली, फेस बसला, खाली बेरी सोनेरी दिसली की उतरव. आपल्या तुपासारखी बेरी तांबूस होईपर्यंत थांबू नकोस, मेथी जळून कडू होते. फडक्यातून गाळ. चारशे ग्रॅमच्या आसपास तूप मिळेल, वताला त्यातलं दीडशे ग्रॅम पुरे.

आता बरबरे. ही नुसती मिरचीपूड नव्हे. इथल्या बायका सुक्या मिरच्यांची देठं काढून त्या लसूण, आलं आणि बेसोबेला यांच्याबरोबर कुटतात, पुन्हा उन्हात वाळवतात, मग कोरेरिमा, मेथी, ओवा, कलौंजी असं भाजलेलं सामान घालून गिरणीतून दळून आणतात. घरोघरी प्रमाण वेगळं. कधी संपलंच तर कांदा-लसूण मसाल्यावर वेळ मारून नेऊ नकोस, त्यातल्या खोबऱ्याने चव पार आपल्याकडची होते. त्यापेक्षा १०० ग्रॅम ब्याडगी मिरची, मोठा चमचा धणे, चमचाभर मेथी, अर्धा-अर्धा चमचा ओवा आणि कलौंजी, आठ हिरव्या वेलच्या, चार लवंगा, इंचभर दालचिनी असं मंद भाजून दळ आणि दोन चमचे सुंठ मिसळ. अगदी तेच नाही होणार, पण जवळपास जाईल.

दीड किलो कांद्याला इथे ८० ग्रॅम बरबरे पडतं. तुझ्या मंडळींसाठी ६० घे. कांद्यात १०० ग्रॅम नितर किब्बे घाल, ते मिसळलं की बरबरे, आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी. पाणी आधी हाताशी ठेव. कोरड्या तापल्या भांड्यात बरबरे अर्धा मिनिट जरी पडून राहिलं तरी करपतं, आणि तो कडवटपणा लिंबाने जात नाही, साखरेनेही नाही. मग मंद आचेवर आणखी अर्धा ते पाऊण तास. आटलं की दोन चमचे गरम पाणी, पुन्हा आटलं की पुन्हा. मध्यावर ४० ग्रॅम लसूण आणि दोन इंच आलं वाटून घाल. लोक कंटाळतात ते इथे. बरबरे कच्चं राहिलं तर घशात धुरळा बसल्यासारखं लागतं आणि सगळे म्हणतात तिखट फार झालं. खरं तर तिखट जास्त नसतं, शिजलेलं कमी असतं. रंग विटकरीवरून काळपट लाल झाला आणि कडेने लाल तूप सुटलं की तयार. याला कुलेत म्हणतात. शुक्रवारी रात्री इथपर्यंत करून फ्रीजमध्ये ठेवलंस तर शनिवारी तासाभराचंच काम उरेल, आणि चव मुरते ती वेगळीच.

कोंबडी कातडी काढलेली, चरबी खरवडलेली घे. इथे तिचे बारा तुकडे करतात, सांध्यावर सुरी घालून, हाडाचा चुरा न करता. बारा प्रेषितांचे बारा, असं सांगतात. आपल्या दुकानातला माणूस विचारायच्या आत सुरीने खटाखट बारीक तुकडे करतो, त्याला आधीच थांबव. तंगडी आणि मांडी वेगळी, छातीचे मोठे तुकडे, पाठ, मान, पंख. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन मीठ आणि दोन लिंबांच्या रसात अर्धा तास ठेव, परत धू, आणि पूर्ण निथळू दे. ओली कोंबडी गेली की तासाभराच्या मेहनतीने आटवलेलं कुलेत पातळ होतं. मांसल तुकड्यांना दोन-दोन चिरा दे.

कुलेत गरम झालं की कोंबडी घालून दहा मिनिटं नुसती परत, मग दोन वाट्या गरम पाणी. इथल्या लोकांनी लिहिलेल्या वेळा तुला उपयोगाच्या नाहीत. अदिस अबाबा २,३०० मीटरहून उंचावर आहे, इथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि इथल्या गावठी कोंबड्या चिवट. त्यामुळे दीड तास सहज लागतो. तुझ्याकडे ब्रॉयलर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात मांस हाडापासून सैल होईल. त्यापुढे शिजवलंस तर धागे सुटतील. गावरान असेल तर सव्वा तास धर. मांस झालं पण रस्सा सैल आहे, असं दिसलं तर तुकडे बाहेर काढून रस्सा एकटा आटव. ताटात वाढलेलं वत जागेवर बसायला हवं, वाहायला नको.

शेवटच्या दहा मिनिटांत एक लहान चमचा मेकेलेशा, अर्धा चमचा कोरेरिमाची ताजी पूड (शेंग फोडून फक्त दाणे भाजून कुटायचे), उरलेलं ५० ग्रॅम तूप आणि मीठ. बरबऱ्यात बहुतेक वेळा मीठ असतं, म्हणून चाखल्याशिवाय घालू नकोस. माणशी एक अंडं. दहा मिनिटं उकडून, सोलून, चार उथळ चिरा देऊन सोड, म्हणजे रंग आणि रस आत शिरतो. आधीपासून टाकून ठेवलीस तर पांढरं रबरासारखं होतं.

तुझ्या पाहुण्यांत एक इथली मुलगी आहे म्हणालास. तिला दोन गोष्टी आजच विचार. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असेल तर उपास चालू आहे का? बुधवार-शुक्रवार तर बहुतेक असतोच, आणि फासिकापूर्वी, म्हणजे त्यांच्या ईस्टरपूर्वी, सलग ५५ दिवस असतो. त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. तो उपास मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर पहाटे सुटतो, आणि सुटतो तो याच वतावर. दुसरं, कोंबडी कुठल्या दुकानातली चालेल? इथे ख्रिस्ती माणूस मुसलमानाने कापलेलं खात नाही आणि मुसलमान ख्रिश्चनाने कापलेलं खात नाही. एका टेबलावर हसतखेळत बसतात, पण मांस आपापलं. विचारण्यात कोणाला राग येत नाही, न विचारता वाढण्यात येतो. उपास निघाला तर थोड्या कांद्याचं कुलेत तुपाऐवजी तेलात वेगळं कर आणि त्यात मसूर डाळ शिजव. मिसिर वत होतं, आणि बाकीचेही तेच आधी संपवतील.

बरोबर अयिब, म्हणजे ताकाचं मऊ ताजं चीज, हवंच, तिखटावर उतारा. लिटरभर आंबट ताक अगदी मंद आचेवर ठेव, उकळू देऊ नकोस, ढवळूही नकोस. अर्ध्या तासात चोथा वर येतो. थंड करून फडक्यात गाळ. मीठ नको, दाबू नकोस, पनीर करायचं नाहीये.

वताबरोबर इंजेरा लागतो, आंबवलेल्या पिठाची मोठी जाळीदार पोळी. त्याला तेफ या इथल्या बारीक धान्याचं पीठ शोधत वणवण करू नकोस. इथेही सगळीकडे तेफ परवडत नाही, ज्वारीचा इंजेरा कितीतरी घरांत होतो. दोन वाट्या ज्वारीचं पीठ आणि एक वाटी मैदा पाण्यात सैल भिजवून दोन दिवस आंबव. वर आलेलं पिवळट पाणी ओतून टाक. मग त्यातलंच अर्धी वाटी आंबलेलं पीठ दीड वाटी पाण्यात शिजवून त्याची पेज कर, कोमट झाली की परत उरलेल्या पिठात मिसळ. हे अबसित. ते टाळलंस तर जाळी पडत नाही आणि इंजेरा मोडतो. तास-दीड तासाने फुगलं की मोठ्या तव्यावर बाहेरून आत गोल ओत, डोळे फुटले की झाकण, एक-दीड मिनिट. आंबोळीसारखाच प्रकार, फक्त उलटायचा नाही आणि तेल लावायचं नाही. कडा सुटल्या की फडक्यावर काढ. गार झाल्याशिवाय एकावर एक रचलेस तर चिकटून लगदा होईल.

एका मोठ्या परातीत इंजेरे पसर, मधोमध वत, कडेला अयिब, गुंडाळलेले जादा इंजेरे वेगळे. सगळ्यांनी एकाच परातीत उजव्या हाताने खायचं, चमचा नाही. त्या मुलीने घास करून तुझ्या तोंडाशी आणला तर मागे सरू नकोस, ती गुर्शा आहे, म्हणजे आपुलकीने भरवलेला घास, आणि घास मोठा असतो.

उरलं तर दुसऱ्या दिवशी हाडं काढून रस्सा पाणी घालून गरम कर आणि शिळ्या इंजेऱ्याचे तुकडे त्यात मुरव. राहिलेलं बरबरे काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेव, पावसाळ्यात बाहेर ठेवलंस तर गुठळ्या होऊन बुरशी येईल. नितर किब्बे फ्रीजमध्ये महिनोन्महिने टिकतं, पण चमचा कोरडा घाल.

तुझी,
आई