नगर संग्रहालयासाठी जुनी वास्तूच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या गिरण्यांचा आणि विणकरांचा इतिहास सांगणाऱ्या नगर संग्रहालयाचा विषय निघाला, की जागा कुठे आणि नव्या इमारतीचा खर्च कोण करणार, या प्रश्नांपाशी बोलणे अडते. यासंदर्भात इक्वेडोरची राजधानी कीटो हिचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

स्पॅनिश राजवटीतही राजधानीच असलेल्या या शहरात १५६५ साली स्थापन झालेले एक रुग्णालय १९७४ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, चालू होते. ते बंद झाल्यावर वास्तू पाडली गेली नाही. १९९८ पासून तिथेच नगर संग्रहालय आहे आणि त्यात सामान्य रहिवाशांच्या रोजच्या जगण्याला मानाचे स्थान आहे. सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या तिथल्या जेझुइट चर्चची ख्याती मोठी असली, तरी मला हे रुग्णालय अधिक मोलाचे वाटते. २ ऑगस्ट १८१० रोजी ज्या बराकीत स्वातंत्र्यवाद्यांची कत्तल झाली, तिथेही आज संग्रहालय असून तो प्रसंग मेणाच्या पुतळ्यांतून उभा केलेला आहे. १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सर्वांत आधी ज्या स्थळांची नोंद झाली, त्यांत कीटो होते.

आपल्याकडे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. पण ज्या शहराने हे चार हुतात्मे दिले, ते शहर तेव्हा कसे राबत होते, पाळी बदलताना भोंगा झाला की कोणत्या गल्ल्या माणसांनी भरून जात, मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे एकाच खात्यात कशी काम करीत, हे नव्या पिढीला कुठे पाहायला मिळणार? माझे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे कामगार होते. त्यांचा पितळी बिल्ला आणि मागावरचा धोटा मी जपून ठेवला आहे. पूर्व भागातल्या अनेक घरांत अशा वस्तू असतील.

महापालिकेने गिरणीकाळातील एखादी उभी असलेली वास्तू दुरुस्त करून या कामासाठी राखून ठेवावी. ते होईपर्यंत निदान हयात असलेल्या वृद्ध कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, कारण त्यांतील बहुतेकांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे.

आपली नम्र,
एका गिरणी कामगाराची मुलगी, सोलापूर