सुनंदास पत्र

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आता पेटी उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही गं." मी तेव्हा गप्प बसले, कारण असल्या वेळी फोनवर मला नीट बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. त्यात तुला एका बाईबद्दल सांगायचंय. गेले दोन महिने रात्री ओटा आवरून झाला की मी तिचं गाणं लावते. तिचं नाव बेटी लाव्हेट. अमेरिकेतली, सोल आणि ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेली गाणी गाणारी.

जन्म १९४६ चा, मिशिगन राज्यातल्या मस्कीगनचा, वाढली डेट्रॉइटला. तिच्या पिढीतले बरेचसे सोल गायक चर्चमध्ये गाऊन तयार झाले. हिचं तसं नाही. मस्कीगनच्या घरात आईवडील चोरून दारू विकायचे आणि बाहेरच्या खोलीत ज्यूकबॉक्स असायचा, नाणं टाकलं की हवी ती रेकॉर्ड वाजवणारा. देवाची गाणी गाणारी मंडळीही कार्यक्रम आटोपला की तिथे घोटभर घ्यायला यायची! त्या गर्दीत ही चिमुरडी ज्यूकबॉक्सवर जे वाजेल ते उचलत होती. तिच्या गाण्याला सोवळंओवळं कसलं ते नाहीच, ते मला वाटतं तिथूनच आलंय.

१९६२ मध्ये, सोळाव्या वर्षी, पहिली रेकॉर्ड निघाली. अटलांटिकसारख्या बड्या कंपनीने ती बाजारात आणली आणि आर अँड बी, म्हणजे ऱ्हिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ती सातव्या क्रमांकापर्यंत गेली. ऑटिस रेडिंग, बेन ई. किंग अशांबरोबर दौरे झाले. १९६५ मध्ये 'लेट मी डाउन ईझी' आलं. हे तू ऐकच. सोडून जाणाऱ्या माणसाकडे एवढंच मागणं आहे, की जायचंच असेल तर जरा हळुवार सोड. विनवणी आहे, पण स्वर कुठे लाचार होत नाही. हेच गाणं ती पुढे म्हातारपणी मैफिलीत गाते तेव्हा शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, मध्येच आवाज फाटू देते, आणि आपण पुढच्या शब्दाची वाट बघत श्वास रोखून बसतो. आपल्या बाई ठुमरी शिकवताना म्हणायच्या ना, "बोल सांगू नका, बोल बनवा." तेच.

मग आलं १९७२. अटलांटिकनेच तिला रेकॉर्डिंगसाठी अलाबामातल्या मसल शोल्सला पाठवलं. तिथले वादक म्हणजे त्या काळातले पहिल्या पंक्तीचे. अख्खा अल्बम तयार झाला, नाव ठरलं 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'. प्रसिद्धीचा दौराही ठरत होता. आणि कंपनीने कळवलं, अल्बम काढायचा नाही. तिनेच पुढे सांगितलंय, की त्यानंतर ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि कित्येक दिवस बाहेर यायला तयार नव्हती. सव्वीस वर्षांची बाई टेबलाखाली! हे वाचलं आणि मला तुझी ती माजघरातली कोपऱ्यातली जागा आठवली. तुझ्या गाण्यांबद्दल कॅसेट कंपनीचं नकाराचं पत्र आलं होतं त्या दिवशी तू तिथे पाय पोटाशी घेऊन बसली होतीस आणि मी नुसतीच चहाचा कप धरून उभी होते.

बेटीचे व्यवस्थापक होते जिम लुइस, जुन्या बिगबँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवलेले. ते तिला बजावायचे, की तू कदाचित मोठी तारका होणार नाहीस, पण गाणी नीट शिकलीस तर काम कधी तुटणार नाही. आणि खरंच, ती गात राहिली. डेट्रॉइटच्या छोट्या क्लबांत गायली, 'बब्लिंग ब्राउन शुगर' या संगीतिकेबरोबर गावोगाव फिरली. पहिला पूर्ण अल्बम बाजारात आला १९८२ मध्ये, म्हणजे पहिल्या रेकॉर्डनंतर वीस वर्षांनी. तोही फारसा चालला नाही. या वर्षांबद्दल लोक 'ती विस्मरणात गेली' असं लिहितात तेव्हा मला राग येतो. ती रोज रात्री कुठेतरी उभी राहून गात होती, ऐकणारे दहा असोत नाहीतर शंभर.

अखेर जिल पेतार नावाच्या एका फ्रेंच संग्राहकाने त्या १९७२ च्या ध्वनिफिती शोधून काढायला लावल्या, आणि २००० मध्ये तो अल्बम 'सूव्हेनिर्स' नावाने फ्रान्समध्ये निघाला. अठ्ठावीस वर्षांनी! २००५ च्या अल्बममध्ये तिने सगळी गाणी स्त्रियांनी लिहिलेली निवडली. २००७ मध्ये ती मसल शोल्सला परत गेली, एका तरुण रॉक बँडबरोबर. तिथे १९७२ मध्ये बास गिटार वाजवणाऱ्या डेव्हिड हूडचा मुलगा पॅटर्सन या बँडचा गायक. त्या अल्बमचं नाव तिने काय ठेवलं माहितीये? 'द सीन ऑफ द क्राइम', गुन्हा घडला ती जागा.

पण तुला आधी बघायला सांगेन तो २००८ चा वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचा, कलावंतांच्या सन्मानाचा कार्यक्रम. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या दोघांचा सन्मान होता आणि बेटीने त्यांचंच गाणं गायलं. मूळ गाणं म्हणजे नुसता गडगडाट. हिने ते इतकं संथ केलं, की प्रार्थनाच झाली. वरच्या सज्जात बसलेल्या, त्या दोघांतल्या पीट टाउनशेंडचा चेहरा बघ, गाणं त्यानेच लिहिलेलं, स्वतःचंच गाणं पहिल्यांदा ऐकल्यासारखा. ती सहसा स्वतः गाणी लिहीत नाही. दुसऱ्याचं घेते आणि त्यात स्वतःचं आयुष्य ओतते. २०२० मध्ये तिला ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे ब्लूजमधल्या मानकऱ्यांच्या यादीत, घेतलं, आणि त्यानंतरही तिने नवा अल्बम केलाय.

सुनंदा, तुझी ती सहा गाणी माझ्याकडे आहेत. स्टुडिओतून निघताना तू मला दिलेली कॅसेट, वर तुझ्या अक्षरात हिरव्या शाईने नावं लिहिलेली. इतकी वर्षं ती पैठणीच्या घडीत ठेवली होती. गेल्या आठवड्यात टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून आणला आणि लावून बघितली. दुसऱ्या गाण्यात थोडी खरखर आहे, पण चौथ्यातला तुझा तो कोमल निषाद अजून तसाच अंगावर येतो. मी दोनदा मागे नेऊन ऐकला.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने ये. स्वारगेटला मी घ्यायला येते. पेटी आणू नकोस, माझी आहे. भाता जरा सुटलाय, तो तोवर करून घेते.

तुझी,
माधवी