ईराने मागितलेली गाडी

कॉन्कॉर्ड, नॉर्थ कॅरोलिना
८ जून २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी सात महिने उत्तर दिले नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. सांगण्यासारखे कारण नाही. रोज उद्यावर ढकलत गेलो. माझी साखर आटोक्यात आहे, मंजिरीचा गुडघा सुधारला आहे आणि आई डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली आहे. आज मात्र लिहायला बसलो ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्या ईराला गाडी चालवायची आहे. रस्त्यावरची नव्हे, शर्यतीची. हे ज्याच्यापुढे मांडावे असा माणूस मला एकच आहे, तो तू, आणि तुझीच यामाहा आरएक्स १०० मी विकायला लावली होती.

झाले ते असे. २५ मेच्या रविवारी आम्ही दोघे नेहमीप्रमाणे शार्लटच्या ट्रॅकवर नॅसकारच्या मोटारींची कोका-कोला ६०० ही शर्यत पाहायला गेलो. दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० फेऱ्या, म्हणजे ६०० मैल; सांगलीहून पुण्याला दोनदा जाऊन यावे एवढे अंतर, तेही एका बैठकीत. संध्याकाळी सहाच्या सुमारास, उन्हात हिरवा झेंडा पडतो आणि शर्यत संपते तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. या चार तासांत डांबर थंड होत जाते, टायरची पकड बदलते, आणि उजेडात जी गाडी सर्वांच्या पुढे पळत होती तीच अंधार पडल्यावर वळणात ऐकेनाशी होते. मग चालक रेडिओवर तक्रार करतो, त्याच्या संघाचा प्रमुख, क्रू चीफ, गाडी पुढच्या वेळी पिटमध्ये म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर आली की टायरमधली हवा थोडी कमी करतो किंवा स्प्रिंग अर्धा फेरा घट्ट करतो, आणि पुन्हा पन्नास फेऱ्या वाट पाहतो. हा सारा संवाद आम्ही भाड्याच्या स्कॅनरवर ऐकत बसतो. तुला इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ढिले झाल्याचे कळायचे, तसे ईराला आता चालकाच्या आवाजावरून गाडीचे दुखणे कळते.

इथे प्रेक्षकांना स्वतःचा मऊ कूलर आत नेता येतो, म्हणून मंजिरीने धपाटे आणि दही बांधून दिले होते. पहिल्या वर्षी मी हौसेने अगदी खालच्या रांगेतली तिकिटे काढली होती, तेव्हा कुंपणाच्या जाळीतून आलेली टायरच्या रबराची बारीक वळवटे धपाट्यांवर पडली होती. तेव्हापासून आम्ही चौथ्या वळणाच्या बाजूला शक्य तितके उंच बसतो. ईराला मी तिथे बसून सुमनकाकूंच्या मेसची गोष्ट सांगितली, जेवणाच्या ताटात कार्ब्युरेटर धुतल्याबद्दल त्यांनी तुला पंधरा दिवस दारात उभे राहून जेवायला लावले ती. ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिले.

ही शर्यत मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, आदल्या दिवशी असते. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर युद्धात गेलेल्या एका सैनिकाचे नाव लिहिलेले असते. मध्यंतराला सर्व गाड्या पिट रोडवर थांबतात आणि इंजिने बंद होतात. इतका वेळ छातीत घुमणारा आवाज एकदम नाहीसा झाला की हजारो माणसांची शांतता किती मोठी असते ते कळते. त्या शांततेत ईराने माझा हात धरला होता, आणि मला वाटले, पोरगी मोठी झाली.

ईराचा चालक विल्यम बायरन. तो इथला, शार्लटचाच. त्या रात्री त्याने २८३ फेऱ्या आघाडीवर काढल्या आणि शर्यतीचे पहिले तिन्ही टप्पे जिंकले. त्याच्यामागून येत होता रॉस चॅस्टेन. आदल्या दिवशीच्या सरावात टायर गेल्यामुळे त्याची गाडी भिंतीवर आदळून निकामी झाली होती, त्याच्या माणसांनी रात्री उशिरापर्यंत खपून दुसरी गाडी उभी केली होती, आणि त्याला चाळिसाव्या म्हणजे शेवटच्या जागेवरून सुरुवात करावी लागली होती. शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या असताना त्याने बायरनला मागे टाकले आणि शर्यत जिंकली. हा चॅस्टेन तुला आवडेल. त्याचे घराणे आठ पिढ्यांपासून फ्लोरिडात कलिंगडे पिकवते, आणि जिंकला की तो गाडीवर चढून एक कलिंगड जमिनीवर आपटून फोडतो. तासगावच्या बागायतदाराने द्राक्षांचा घड उधळावा, तसे.

मला वाटले होते, ईरा रडेल. ती रडली नाही. गर्दी जिने उतरत होती तरी ती जागची हलली नाही, हेडफोन काढून मला म्हणाली, "बाबा, बायरनने लेजंड कारमध्ये, म्हणजे शर्यतीच्या छोट्या गाडीत, सुरुवात केली तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. मी तेरा वर्षांची आहे. मला या वर्षी सुरुवात करायची आहे."

दत्ता, मी तिला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. गाडीपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या वाटेत मी केवळ पार्किंगची रांग शोधत असल्यासारखा चालत राहिलो.

तुला माहीत आहे, मी या खेळावर किती जीव टाकतो. २००७ साली इथे आलो तेव्हा कचेरीतल्या सहकाऱ्याने मला ब्रिस्टलला नेले. अर्ध्या मैलाचा तो काँक्रीटचा ट्रॅक, भोवती विहिरीच्या भिंतीसारखी उंच गॅलरी आणि तळाशी चाळीसेक गाड्यांची झुंज. त्या रात्री मी मंजिरीला सांगितले होते की, मला इथे आपले गाव सापडले. मग नॉर्थ विल्क्सबरो पाहिले; १९९६ नंतर ओस पडलेला आणि २०२३ साली पुन्हा मोठ्या शर्यतीने गजबजलेला तो जुना ट्रॅक, जिथे एका बाजूची सरळ वाट उताराची आहे आणि दुसऱ्या बाजूची चढाची. त्या डोंगरांत चोरटी दारू पोचवताना पोलिसांना चुकवणाऱ्या पोरांनी हा खेळ घडवला. हे सारे मी ईराला गोष्टी सांगाव्यात तसे सांगत आलो. मीच तिला हे वेड दिले. माझी भीती मात्र मी तिला कधी सांगितली नाही.

ती भीती कुठली, ते तुला सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीत मी आठ वर्षांच्या ईराला घेऊन फ्लोरिडातल्या डेटोनाच्या शर्यतीला गेलो होतो. रविवारी पावसाने शर्यत पुढे ढकलली, म्हणून आम्ही सोमवारी थांबलो. शेवटच्या फेरीत रायन न्यूमन आघाडीवर होता. मागच्या गाडीचा धक्का लागून तो भिंतीवर गेला, गाडी उलटली, आणि त्याच वेळी दुसरी गाडी थेट त्याच्या बाजूच्या दरवाजावर येऊन आदळली. ठिणग्या, ज्वाळा, छपरावर घसरत गेलेली गाडी. मग माणसे धावली आणि त्यांनी गाडीभोवती काळे पडदे धरले. पडदे कशासाठी असतात हे त्या गॅलरीत प्रत्येकाला ठाऊक होते, कारण याच ट्रॅकवर, याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेल अर्नहार्ट हा दिग्गज चालक मरण पावला होता. ईराने मला विचारले, "त्यांच्या घरची माणसे बघायला आली असतील का?" मला उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी न्यूमन आपल्या दोन लहान मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

तू म्हणशील, माणूस वाचला ना. हो, वाचला. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर मान जागेवर धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, काँक्रीटच्या भिंतींपुढे धक्का शोषणाऱ्या पोलादी भिंती आल्या, चालकाचे आसन त्याला सर्व बाजूंनी कवटाळून बसेल असे झाले. त्या दिवसापासून आजवर या सर्वांत वरच्या मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेलेला नाही. हे सगळे मला पाठ आहे, मी लोकांना समजावून सांगतो. तरी रात्री जाग आली की मला ते काळे पडदे दिसतात. आणि अर्नहार्टविषयी विचार करू लागलो की वेगळेच आठवते. त्या शेवटच्या फेरीत पुढे पळत होती ती त्याच्याच संघाची एक गाडी आणि तिच्या मागे त्याचा मुलगा. बाप त्या दोघांसाठी मागची गर्दी अडवून धरत होता. पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा गाडीत बसला, आणि त्याच जुलैत डेटोनालाच जिंकला. अर्नहार्टचा बापही शर्यती करत असे. त्या घराने हे कसे सोसले, हे मला कळत नाही.

आता माधवनगर रोडवरच्या तुमच्या मोटरसायकल शर्यतींचे. एकतीस वर्षांत आपण त्यावर एकदाही सरळ बोललो नाही. १९९४ च्या त्या संध्याकाळी मी दूध संघाच्या वळणावर उभा होतो. शर्यतीत तुझ्या मागे असलेला मुलगा माझ्यासमोर गाडीसकट घसरला आणि त्याचे हाड पँटमधून बाहेर आलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या अण्णांकडे जाऊन सारे सांगितले. तुझ्या काळजीपोटी गेलो, असे मी तुला सांगितले आणि तू आठ महिने माझ्याशी बोलला नाहीस. आज मला वाटते की ते पूर्ण खरे नव्हते. काळजी होतीच, पण तू जिंकत होतास, जिंकतच जाणार होतास, आणि दर वेळी त्या वळणावर उभे राहून पाहण्याचे बळ माझ्यात नव्हते. माझी भीती संपावी म्हणून मी तुझी गाडी काढून घेतली. मग ती गवळ्याने घेतली आणि रोज सकाळी दोन्ही बाजूंना किटल्या लावून आपल्या खोलीखालून जाऊ लागली. तू खिडकी लावून घ्यायचास. तो आवाज मीही ऐकत होतो, दत्ता.

लेजंड कार म्हणजे १९३० च्या दशकातल्या मोटारींच्या लहान प्रतिकृती, साधारण पाच-अष्टमांश आकाराच्या. वर फायबरग्लासचे कवच, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा. उन्हाळ्यात शार्लटच्या मोठ्या ट्रॅकच्याच आवारात पाव मैलाच्या छोट्या वर्तुळावर त्यांच्या शर्यती होतात आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी त्यात वेगळा गट असतो. ईरा दोन आठवडे मला हे सारे वाचून दाखवते आहे. मंजिरी शांत आहे. ती म्हणते, तिला घोड्यावर बसायचे असते तर तुम्ही इतका विचार केला असता का? तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तिला पटण्यासारखे नाही.

तुझ्याकडे यंदा मे महिन्यातच पाऊस लागला, असे आईने वाचून सांगितले. खरड छाटणीनंतरच्या फुटींना त्याचा त्रास झाला का? वहिनींच्या शाळेची बदली रद्द झाली का? अण्णांच्या वर्षश्राद्धाला मला येता आले नाही, ते मनात आहे. डिसेंबरमध्ये नक्की येतो. रोहनला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की कळव.

मला तुझ्याकडून एवढेच हवे आहे: त्या वेळी मी अण्णांकडे गेलो नसतो, तर काय झाले असते असे तुला वाटते? मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस. जे इतकी वर्षे बोलला नाहीस, ते लिही. सराव वर्गाचा अर्ज महिनाअखेरीपर्यंत भरायचा आहे आणि पालकाच्या सहीची जागा मी कोरी ठेवली आहे.

आणखी एक. लेजंड कारमध्ये यामाहाच्या मोटरसायकलचे इंजिन असते. हे ईराला कळल्यापासून ती विचारते आहे की दत्ताकाकांच्या गाडीचा आवाज कसा होता. मला तो तोंडाने काढून दाखवता येत नाही. तुला येत असे. येत्या रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला ती तुला फोन करणार आहे. त्या वेळी मी खोलीत नसेन.

तुझा,
श्रीकांत